प्रभागाची सभा

सभा म्हटली कीं आम्हां मराठी माणसांच्या अंगांत एक प्रकारची हुशारी संचरते, असें आमचें पुष्कळ दिवसांचें निरीक्षण आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हांपासून गांवोगांव व्याख्यानमालांचें जें पीक आलें तें अद्याप ओसरलेलें नाहीं. ज्ञानेश्वरींतील अद्वैतापासून चंद्रावर उतरणाऱ्या यानापर्यंत कोणताही विषय असो, सतरंजी अंथरण्याचाच अवकाश, कीं माणसें येऊन बसतात. वक्ता बरा असला तर दोन तास हलत नाहींत, आणि वाईट असला तर घरीं परततांना त्याचे वाभाडे काढण्याचा आनंद तरी पदरीं पाडून घेतात. अशा या सभाप्रिय समाजांत एक सभा मात्र अशी आहे कीं, जिला सर्वांस मोकळीक असूनही सहसा कोणी फिरकत नाहीं. तिला वक्ता नाहीं कीं हारतुरे नाहींत. तींत विषय निघतात ते नळाचे, गटाराचे, कचऱ्याचे, दिव्यांचे आणि भटक्या कुत्र्यांचे. तिला कोणी मोहल्ला समिति म्हणतात, कोणी प्रभागाची बैठक म्हणतात, आणि आमचे एक शेजारी तर नुसतें 'तुमचें तें महिन्याचें रडगाणें' असें म्हणतात. गेलीं कांहीं वर्षें आम्ही या रडगाण्यास नेमानें हजर राहत आलों आहों. तेथें जें पाहिलें त्यापैकीं थोडें वाचकांपुढें ठेवावें, असा आज मानस आहे.

आमचें शहर कोणतें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तें महाराष्ट्रांतलें एक मोठें शहर आहे, तेथें महानगरपालिका आहे, आणि महानगरपालिकेचीं क्षेत्रीय कार्यालयें आहेत, एवढें पुरे. आमच्या भागाचें कार्यालय भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना चढून गेलें कीं उजव्या हाताला जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी लागते आणि डाव्या हाताला मालमत्ताकराची. या दोहोंमधून पुढें गेलें म्हणजे एक लांबट दालन आहे. त्यांत चाळीस खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांपैकीं पंधरा-सोळांहून अधिक भरलेल्या आम्हीं क्वचितच पाहिल्या. महिन्यांतून एकदां, कामाच्या दिवशीं, सकाळीं अकरा वाजतां ही सभा भरते. वेळेचा हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्यावर बरेंच अवलंबून आहे.

समोरच्या टेबलापाशीं अधिकारी बसतात. पाण्याचे अभियंते, ड्रेनेजचे अभियंते, रस्त्यांचे, विजेचे, आरोग्य निरीक्षक, अतिक्रमण निरीक्षक, आणि सर्वांच्या मध्यें क्षेत्रीय अधिकारी. कोपऱ्यांत एक कारकून तक्रारींचें रजिस्टर उघडून बसलेला असतो. चहा येतो, आणि तो मात्र वेळेवर येतो. नागरिकांच्या बाजूस जी मंडळी असते ती बहुतेक आमच्याच वयाची, म्हणजे पेन्शनर. बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातांत जाडजूड फाइल घेऊन येतात. त्यांच्या गल्लींतला एक दिवा दिवसा जळतो आणि रात्रीं विझतो, आणि त्या दिव्याचा अकरा महिन्यांचा पत्रव्यवहार त्या फाइलींत तारीखवार लावलेला आहे. दुसरे एक गृहस्थ कानांनीं अधू आहेत. ते कुत्र्यांविषयीं बोलतात आणि उत्तर ऐकूं येत नसल्यामुळें पुनः पहिल्यापासून बोलतात. महानगरपालिकेच्या शाळेंतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका तिसऱ्या रांगेंत बसतात. त्या फारशा बोलत नाहींत, पण ज्या दिवशीं बोलतात त्या दिवशीं वर्गांत बोलावें तशा बोलतात. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण भिंतीशीं उभा राहून सारें टिपून घेतो. आपल्याला मुलाखतींत उपयोगी पडेल म्हणून येतों, असें त्यानें आम्हांस मोकळेपणानें सांगितलें होतें.

या सभेची स्वतःची एक भाषा आहे. तींत कर्ता सहसा आढळत नाहीं. "पाहणी केली जाईल," "प्रस्ताव सादर झालेला आहे," "निविदा प्रक्रियेंत आहे," "सदर बाब आमच्या अखत्यारींत येत नाहीं." कोणी केलें, कोण करणार, हें विचारूं गेल्यास वाक्याचा डोलारा कोसळेल, म्हणून तें कोणी विचारीत नाहीं. अखत्यारीचा हा प्रकार प्रथम प्रथम आम्हांस मोठा गमतीचा वाटे. रस्ता एका खात्याचा, त्यांतील गटाराचें झांकण दुसऱ्याचें, त्याखालची वीजतार वीजकंपनीची, कडेचें झाड उद्यानखात्याचें, आणि झाडाखालीं उभी असलेली बेवारस मोटार वाहतूक पोलिसांची. अशा रीतीनें एका खड्ड्याला पांच धनी असल्यामुळें तो खड्डा निर्धास्तपणें वाढत असतो. पुढें पुढें मात्र ध्यानांत येत गेलें कीं, समोर बसलेला अभियंताही या पांच धन्यांच्या मध्यें सांपडलेला आहे. त्याच्यापाशीं गटारें उपसण्याचें एकच यंत्र आहे, आणि तें उद्यां आमच्या गल्लींत आणावयाचें तर आज दुसऱ्या कोणाच्या गल्लींतून उचलावें लागतें.

या दुसऱ्या कोणाची गांठ पडणें हा या सभेचा आम्हांस घडलेला मुख्य लाभ आहे. माणूस येथें येतो तो आपल्या उंबरठ्यावरचें गाऱ्हाणें घेऊन. आमचेंही पहिलें गाऱ्हाणें पाण्याचें होतें. वरच्या मजल्यावर पाणी चढेना. तें आम्हीं मांडलें, तेव्हां टेकडीच्या बाजूनें आलेल्या एका बाईंनीं शांतपणें सांगितलें कीं, त्यांच्याकडे पाणी पहाटे चार ते पांच येतें, आणि तें भरण्यासाठीं घरांतील एकानें पाळीनें जागावें लागतें. त्या दिवशीं पाण्याच्या अभियंत्यांनीं आम्हांस व्हॉल्व्हचें रहस्य समजावून दिलें. नळाच्या मोठ्या वाहिनीवर जागोजाग व्हॉल्व्ह असतात. ते उघडण्यामिटण्यास हातांत लांब लोखंडी चावी घेऊन हिंडणारा एक माणूस असतो. त्यास सारे चावीवाला म्हणतात. त्यानें आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह दोन आटे अधिक फिरविला कीं पुढच्या गल्लीचा नळ फुसफुसूं लागतो. शहरांत राहून इतकीं वर्षें झालीं, पण आपल्या तोटींतील धार ही कोणाच्या तरी घागरीशीं बांधलेली आहे हें इतक्या उघडपणें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. वर्तमानपत्रांत धरणाचा साठा टक्क्यांनीं छापतात. पुढच्या गल्लीची घागर त्यांत दिसत नाहीं.

असल्या क्षुल्लक गोष्टींत लिहित्या-वाचत्या माणसानें काळ घालवावा काय, असें आमचे एक स्नेही अधूनमधून विचारतात. त्यांस आम्ही पुण्याच्या जुन्या नगरपालिकेची आठवण देत असतों. महात्मा फुले १८७६ सालीं तिचे सरकारनियुक्त सभासद झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, त्यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चण्याचा विचार निघाला. तेव्हां तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असें म्हणून त्यांनीं विरोध केला. नव्या मंडईच्या टोलेजंग इमारतीवर पैसा घालण्यासही त्यांची हरकत होती. ती इमारत १८८६ सालीं रे मार्केट या नांवानें उघडली, आणि आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना तिलाच महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें! त्याच नगरपालिकेंत १८९५ सालीं लोकमान्य टिळक निवडून आले, त्याच नगरपालिकेचे नामदार गोखले अध्यक्ष होते, आणि ज्यांचे निबंध वाचून मराठी वाचकांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या त्या न. चिं. केळकरांनींही तेथें अध्यक्षपद सांभाळलें. हीं माणसें एकमेकांच्या मतांपासून किती दूर होतीं हें वाचकांस सांगावयास नकोच. पण गटार, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी हे विषय आपल्या योग्यतेला कमी आहेत असें त्यांपैकीं कोणास वाटलेलें दिसत नाहीं. १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा जो ठराव काढला, त्यांतही कारभार सुधारेल यापेक्षां लोकांस राजकीय शिक्षण मिळेल यावर अधिक भर होता. कारभार कांहीं काळ बिघडला तरी चालेल, पण लोक शिकतील, असा त्यांतला धीराचा भाग आम्हांस नेहमींच आवडत आला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली, आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या असें घटनेंतच लिहिलें गेलें. २००९ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून आणखी एक पायरी खालीं उतरण्याची सोय केली. कांहीं मतदानकेंद्रांचें मिळून एक क्षेत्र करावें आणि त्यांतील मतदारांची क्षेत्रसभा भरवावी, असें ठरलें. खेड्यांत जशी ग्रामसभा तशी शहरांत क्षेत्रसभा. कल्पना उत्तम होती, आणि पुष्कळ शहरांत ती कल्पनाच राहिली. आमच्या महिन्याच्या सभेला या कायद्याचें पाठबळ नाहीं. ती रूढीनें आणि कोणा एका जुन्या आयुक्तांच्या परिपत्रकानें चालते. तिनें केलेली शिफारस मान्य व्हावी असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. वस्तीच्या शब्दाला कायद्याचा खरा जोर महाराष्ट्रांत आम्हीं एकाच ठिकाणीं पाहिला, तो दारूच्या दुकानाच्या बाबतींत. तेथें प्रभागांतील स्त्रिया मतदान करतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावें, आडवी बाटली म्हणजे जावें, आणि निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं बाटली आडवी केली तर दुकानाला कुलूप लागतें. नळ आणि गटार यांच्यासाठीं अशी बाटली अजून कोणीं काढलेली नाहीं.

तरीही २०२२ नंतरच्या वर्षांत आमच्या या बिनअधिकाराच्या सभेला एकाएकीं महत्त्व आलें. राज्यांतील बहुतेक महानगरपालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि शहरें कांहीं वर्षें नगरसेवकांवांचून, प्रशासकांच्या हातीं चाललीं. नगरसेवकाच्या दारीं जाण्याची ज्यांस संवय होती ते लोक जिना चढून आमच्या दालनांत येऊं लागले. खुर्च्या पंचवीसपर्यंत भरूं लागल्या. त्याच काळांत, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यांत, जी गोष्ट घडली ती सांगण्यासाठीं हा एवढा प्रपंच.

आमच्या वसाहतीच्या मागें एक नाला आहे. नाल्याच्या कांठीं साठ-सत्तर घरांची वस्ती आहे, आणि वस्तीच्या तोंडाशीं, वसाहतींतील नव्या इमारतींच्या कुंपणाला लागून, एक सार्वजनिक शौचालय आहे. शौचालय जुनें, इमारती नव्या. त्या उन्हाळ्यांत दुर्गंधि इतकी वाढली कीं कुंपणाकडील खोल्यांच्या खिडक्या उघडणें अशक्य झालें. हें दुःख खरें होतें. तें कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. एका घरांत अंथरुणाला खिळलेल्या एक वृद्ध बाई होत्या, आणि त्यांची खाट नेमकी त्याच बाजूच्या खिडकीशीं होती. वसाहतींत एक अर्ज फिरूं लागला. शौचालय पाडून टाकावें आणि त्या जागीं ज्येष्ठ नागरिकांसाठीं विरंगुळा केंद्र बांधावें, अशी त्यांत विनंती होती. कागद आमच्याकडे आला तेव्हां, शौचालय येथून काढून नेणार कोठें, असें आम्हीं विचारलें. "तें महानगरपालिका पाहील कीं!" असें उत्तर मिळालें, आणि कागद आमच्या सहीवांचून पुढें गेला. त्यावर ६२ सह्या झाल्या.

सभेंत अर्ज वाचला गेला. त्यास विरोध करण्यास कोणी नव्हतें, आणि असणार तरी कोण? सकाळीं अकराची वेळ. वस्तींतील पुरुष कोणी रिक्षावर, कोणी बांधकामावर, कोणी बाजारांत हमालीवर. स्त्रिया आमच्या घरांत. हें शब्दशः खरें आहे. आमच्या घरीं धुणींभांडीं करण्यास येणाऱ्या बाई, ज्यांस घरांत लहानथोर सारे मावशी म्हणतात, त्या याच वस्तींत राहतात. आमच्याकडे त्यांची वेळ अकरा ते साडेअकरा. म्हणजे ज्या घटकेस त्यांच्या शौचालयाचा निकाल लागूं पाहत होता, त्या घटकेस त्या आमच्याच मोरींत भांडीं घाशीत होत्या. आम्ही हें बोलून दाखविण्यास उठणार, तोंच तिसऱ्या रांगेंतून मुख्याध्यापिकाबाई उठल्या.

"हें शौचालय रोज किती माणसें वापरतात?" त्यांनीं विचारलें.

आरोग्य निरीक्षक म्हणाले, "असतील शंभर-दीडशें." अर्जदारांपैकीं एकजण म्हणाले, "इतकीं कशाचीं? तीस-चाळीस."

"मोजलीं आहेत का कोणीं?"

मोजलीं नव्हतीं.

"मग ज्यांचें तें आहे त्यांना विचारल्यावांचून ठरवायचें कसें? त्यांना अकराला सवड नाहीं. आपल्याला सातला आहे."

क्षेत्रीय अधिकारी नवीन होते, वयानें तरुण होते, आणि बहुधा या पेंचांतून सुटण्याची संधि शोधीत होते. त्यांनीं विषय पुढच्या सभेवर टाकला, आणि पुढची सभा सायंकाळीं सात वाजतां महानगरपालिकेच्या शाळेंत घेण्याचें जाहीर केलें. निर्णय पुढें ढकलल्यानें घडलेलें सत्कार्य आम्हीं सरकारी कारभारांत एवढें एकच पाहिलें आहे.

मधल्या महिन्यांत भिंतीशीं उभा राहणारा तो तरुण वही घेऊन वस्तींत घरोघर हिंडून आला. ६८ घरें, आणि त्यांत १४३ स्त्रिया व मुली, असा आंकडा त्यानें आणला. पुरुषांचाही आणला होता, पण बाईंनीं त्यास स्त्रियांचा वेगळा काढावयास सांगितलें होतें. मुलाखतींत उपयोगी पडेल किंवा नाहीं कोण जाणे, पण सभेंत तो फार उपयोगी पडला.

त्या सायंकाळीं शाळेच्या वर्गांत ऐंशींहून अधिक माणसें होतीं. अधिकारी मंडळी चौथीच्या बांकांवर गुडघे वर करून बसली होती. तें दृश्य आम्ही लौकर विसरणार नाहीं. पहिला अर्धा तास नुसता गलबला झाला. वसाहतीच्या बाजूनें रोगराईचें नांव निघालें, वस्तीच्या बाजूनें, "आम्ही आधीं आलों कीं तुम्ही?" असा प्रश्न निघाला, आणि आतां हातघाईवर येतें कीं काय असें वाटूं लागलें. स्त्रिया मागें, दाराशीं उभ्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनीं हात वर करून वर्ग गप्प केला, कारण त्यांतले निम्मे तरुण खरोखरीच त्यांचे विद्यार्थी होते; आणि आमच्या मावशींकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

मावशी पदर सांवरून दोन पावलें पुढें आल्या. "सायेब, धा कोठड्या हायेत. बायकांच्या पाच. दोनला दारं न्हाईत, एकीची कडी तुटलीय. म्हंजे दोनच राह्यल्या. रातीला दिवा न्हाई. पोरींना एकटं धाडत न्हाई आमी, दोघी-तिघी मिळून जातात. एक आत, दोघी भाईर. वास म्हनाल तर आमालाबी येतो. तुमच्याकडं खिडकी हाय, लावून घेता येती."

एवढें बोलून त्या पुनः दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या. घरीं आमच्याशीं त्या याहून पुष्कळ बोलतात. आमच्या वहिनींपाशीं तर तासभर बोलतील; पण दोन वर्षांत ही कडीची गोष्ट आमच्या घरांत कोणासही ठाऊक नव्हती.

आरोग्य निरीक्षकांनीं मग स्वच्छ भारत अभियानाच्या सूचना काढून वाचल्या. सामुदायिक शौचालयांत ३५ पुरुषांमागें एक आणि २५ स्त्रियांमागें एक कोठडी असावी, असें त्यांत आहे. तरुणाच्या वहींतील १४३ ला भागावयास कोणा गणितज्ञाची जरूर नव्हती. स्त्रियांसाठीं सहा पाहिजेत, बांधलेल्या पांच आहेत, वापरण्याजोग्या दोन आहेत. पाडण्याचा अर्ज घेऊन आलेल्या सभेपुढें वाढविण्याचा हिशेब येऊन बसला.

पण दुर्गंधीचें काय? तें उत्तर अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून आलें. वस्तींतला एक मनुष्य ड्रेनेजखात्याच्या कंत्राटदाराकडे बिगारी होता. तो म्हणाला कीं, शौचालयाची लाइन सहा इंची आहे. गेल्या वर्षीं नव्या इमारतींचीं जोडणी तिलाच दिली. तेव्हांपासून चेंबर तुंबतो, आणि तुंबला कीं मैला कुंपणाशीं वर येतो. "मीच तर उपसतो," असेंही त्यानें जोडलें. सर्वांच्या माना ड्रेनेजच्या अभियंत्यांकडे वळल्या. त्यांनीं हातांतील कागद उलटसुलट पाहिला आणि म्हटलें, "लाइनवर भार आहे, हें बरोबर आहे." या वाक्यासही कर्ता नव्हता, पण अर्थ सर्वांस कळला. जी दुर्गंधि वस्तीच्या नांवावर मांडली गेली होती, तिच्यांत नव्या इमारतींच्या न्हाणीघरांचाही वांटा होता.

अर्ज मागें घेतला असें कोणीं म्हटलें नाहीं. त्याचें पुनः नांवही निघालें नाहीं. बँकेंतले गृहस्थ सभा संपल्यावर त्या बिगाऱ्यापाशीं गेले आणि चेंबर नेमका कोठें आहे तें एका कागदावर काढून घेऊं लागले. दिव्याच्या शेजारीं त्यांच्या फाइलींत आतां ड्रेनेजचा एक विभाग झाला आहे. त्या फाइलीचें मोल आम्हांस त्या वर्षीं कळलें. दारें आणि कड्या तीन आठवड्यांत बसल्या. दिवा लागला, गेला, पुनः लागला. नऊ इंची लाइन टाकावयास मात्र अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत गृहस्थांनीं एकही सभा चुकविली नाहीं. सहावी कोठडी अद्याप व्हावयाची आहे. लाइन झाल्यावर खिडक्या उघडल्या. त्या वृद्ध बाईंची खाट तोंवर दुसऱ्या खोलींत हलविली होती, ती परत आणली.

येथें कायद्यांतील एक विसंगति सांगितल्यावांचून राहवत नाहीं. महाराष्ट्रांतील खेड्यांत ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा नियम आहे. ग्रामसभाही २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा सुटीच्या दिवशीं घेण्याचा प्रघात आहे. ही सभा सर्वत्र नीट भरते असें आम्ही म्हणत नाहीं. कागदोपत्रीं भरणाऱ्या सभा आम्हांसही ठाऊक आहेत. पण निदान स्त्रिया केव्हां येऊं शकतील याचा विचार कायदा करणाऱ्याच्या मनांत एकदां येऊन गेला. शहरांत तो आलेला नाहीं. शहरांत स्त्रिया अधिक शिकलेल्या, अधिक मोकळ्या, तेव्हां त्यांस वेगळी सभा कशास, असें कोणास वाटलें असावें. अशा कल्पनेनें नियम करणाऱ्यांच्या घरीं अकरा वाजतां भांडीं कोण घासतें, हें पाहावयास पाहिजे होतें.

सायंकाळची सभा आणखी दोन वेळां भरली. पुढें कर्मचाऱ्यांच्या बाजूनें हरकत आली, आणि ती आम्हांस अगदींच अवास्तव वाटली नाहीं. आरोग्य निरीक्षकांचा दिवस पहाटे सहाला हजेरीकोठीवर सुरू होतो. त्यांनीं रात्रीं नऊपर्यंत आमचीं गाऱ्हाणीं ऐकावीं हें न्यायाचें नाहीं. दर तीन महिन्यांनीं एक सभा सायंकाळीं घ्यावी, त्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं दुपारनंतर कामावर यावें, अशी तडजोड मुख्याध्यापिकाबाईंनीं सुचविली. ती सर्वांनीं मान्य केली, टेबलापलीकडच्यांनींसुद्धां. पण ते क्षेत्रीय अधिकारी बदलून गेले, आणि नव्या अधिकाऱ्यांस लेखी आदेशावांचून तसें करतां येईना. आदेशासाठीं अर्ज केला आहे. त्यास आवक क्रमांक मिळालेला आहे. आणि सदर बाब विचाराधीन आहे.

तोंवर सभा अकरालाच भरते. यंदाच्या उन्हाळ्यांत पाण्याची टांकी रिकामी राहूं लागली म्हणून मावशींनीं आमच्या मुलीकडून एक चिठी लिहवून घेतली, आणि ती सभेंत वाचण्यास आमच्या हवालीं केली. टांकीवर नळ नाहीं, पाइप सकाळीं सहालाच बंद होतो, आणि मधल्या कोठडीची कडी पुनः गेली आहे, असे तिच्यांत तीन मुद्दे आहेत. वाचून दाखविणें अवघड नाहीं. पण अभियंते उलट विचारणार, पाइप सहाला बंद होतो तो रोज कीं एक दिवसाआड, आणि चावीवाला वस्तीकडून फिरतो कीं पुलाकडून. तें कांहीं चिठींत नाहीं. सभा गुरुवारीं आहे. बुधवारीं मावशी येतील तेव्हां विचारून ठेवावें लागेल.